उशीला आलेलं फूल

फोन आला तेव्हा त्याच्या हातात कुणा अनोळखी बाईचा वरचा जबडा होता, मेणातला. दातांच्या कवळ्या करणाऱ्या त्या छोट्याशा लॅबमध्ये फोन घ्यायचा तर हातातलं काम खाली ठेवावं लागे, म्हणून त्याने जबडा प्लास्टरच्या साच्यावर अलगद टेकवला आणि फोन खांद्यात धरला. वृद्धाश्रमातल्या सिस्टर बोलत होत्या. त्यांचा फोन म्हटला की तो आधी आवाजाचा सूर ऐके, शब्द नंतर. पण आज त्या हसत होत्या. "अहो, इकडे नुसती धमाल चाललीय," त्या म्हणाल्या. "तुमच्या अण्णांच्या कुंडीतल्या त्या उशीला फूल आलंय!"

"काय आलंय?"

"फूल हो, फूल. गुलाबी, एवढंसं. सकाळपासून एकेकाला हाताला धरून खोलीत नेतायत आणि दाखवतायत. बॅग भरून, बूट घालून तयार आहेत. म्हणतात, मुलाला कळवा, उशी फुललीय म्हणावं, न्यायला ये. तुमचं तसं ठरलंय म्हणे."

"हो," तो म्हणाला. "येतो."

फोन ठेवल्यावर तो त्या मेणाच्या जबड्याकडे बघत राहिला. उशीला फूल येणं शक्य नव्हतं. हंगाम नव्हता, थंडी होती, ही कारणं झाडाला लागू. ती उशी झाड नव्हतीच. ती त्यानेच केली होती, याच टेबलावर, एका सुट्टीच्या दुपारी लॅब बंद असताना, लोकांच्या हिरड्या ज्या पावडरीतून करतात त्याच पावडरीतून, फक्त गुलाबीच्या जागी हिरवा रंग घालून. प्लास्टिकला फूल आलं म्हणणारा माणूस एक तर भ्रमिष्ट झालेला असणार, नाहीतर. त्या 'नाहीतर'पाशी येऊन त्याचं डोकं पुढे जायला तयार होईना. मालकांना त्याने वडिलांकडे जाऊन येतो म्हणून सांगितलं. मालक कधी अडवत नसत, उलट म्हणत, "मुलगा असावा तर असा." ऐकून तो दर वेळी खाली बघे, आणि मालकांना तो विनय वाटे.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काच थंड होती आणि तिच्यावर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. डागाच्या पलीकडून दुकानं, जाहिराती, ओले फूटपाथ मागे पडत होते आणि त्याला दिसत होती ती अण्णांची बाल्कनी. अण्णा सर्वेक्षण खात्यात नकाशे काढत. उमेदीची वर्षं त्यांनी मोजणीच्या तुकडीबरोबर डोंगरांत काढली होती आणि उरलेली त्याच डोंगरांच्या उंचीच्या रेषा कागदावर आखण्यात. गुडघे गेले, नोकरी संपली, तेव्हा त्यांनी डोंगरच घरी आणले. घरातलं जे भांडं गळेल, चिरेल, त्याचा तळ फुटेल, ते अण्णांचं. पाव भाजायचा गंजका डबा, कुणीतरी टाकून दिलेलं दगडी बेसिन, कान तुटलेली पातेली. "सगळ्या गळक्या भांड्यांचं हे माहेर आहे," आई म्हणे. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, त्यावर भरड वाळू आणि बारीक खडी, माती अगदी चवीपुरती. मग दगड. दगड नुसते ठेवायचे नाहीत, दोन हिस्से पुरायचे आणि एक हिस्सा वर, म्हणजे तो खालून उगवल्यासारखा दिसतो, आणि सगळ्यांच्या रेघा एकाच बाजूला कलल्या पाहिजेत. "डोंगराचं एक बरं असतं," अण्णा म्हणत, "एकदा कलला की त्याच बाजूला. माणसासारखं नाही." दगडांच्या फटींत चिमट्याने एकेक रोप बसवायचं आणि त्याच्या मानेपर्यंत खडी पसरायची. काम संपलं की अण्णा स्टूल ओढून बसत, डोळे कुंडीच्या काठाच्या पातळीत आणत आणि तसेच राहत. मग हाक मारली तरी त्यांना खाली उतरायला वेळ लागे.

उशी त्या सगळ्यांत मानाची. उंचावर वाऱ्याला तोंड देत अंग आवळून बसणारी झाडं असतात, शेकडो बारीक रोपं एकमेकांना बिलगून उशीसारखा एकच गोळा झालेली, हाताला टणक. आई गेली त्या वर्षी अण्णांनी ती बियांपासून लावली होती. वर्षाला नखाएवढी वाढायची म्हटलं तरी तिला ती घाई वाटे. फुलली कधीच नव्हती. बाकीच्या कुंड्यांत दर वर्षी पिवळी-पांढरी गर्दी होई आणि ही आपली हिरवीगार, ढिम्म. "फुलेल," अण्णा म्हणत. "तिला काय घाई आहे? मला आहे का?" तिला पाणी घालायची रीत एकच होती. पसरट थाळ्यात पाणी घ्यायचं, कुंडी त्यात ठेवायची, तिला खालून हवं तेवढं पिऊ द्यायचं आणि मग उचलून निथळत ठेवायची. वरून थेंब पडता कामा नये. पावसात तर ते तिच्यावर काच धरत. त्याला एकदा त्यांनी सांगितलं होतं, "वरून घातलेलं ती पीत नाही रे, अंगात मुरवून घेते. आणि कुणाला सांगत नाही." हे त्याला पाठ होतं. विसरलो असं म्हणायची सोयसुद्धा त्याला नव्हती.

मग अण्णा पडले. बाल्कनीतच, हातात थाळा घेऊन. खुब्याचं हाड, दवाखाना, ऑपरेशन, आणि त्यानंतर तो एक शब्द घरात आला आणि ठाण मांडून बसला: सोय. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो दिवसभर लॅबमध्ये, बायको तिच्या ऑफिसात. अण्णांची सोय कुठे होईल, सोयीचं काय पडेल. बायकोने एकदा विचारलं होतं, "दिवसा एखादी बाई ठेवून बघायची का? मी महिनाभर रजा काढू शकते." त्यावर त्याने अनोळखी माणूस घरात नको, तुझी रजा वाया नको, अशी कितीतरी समजूतदार कारणं सांगितली. खरं कारण त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात अण्णांना बाथरूमला नेताना त्यांच्या उघड्या, सैल, गोऱ्या पाठीवर त्याचा हात पडला होता आणि त्याला तो झटकन काढून घ्यावासा वाटला होता. बस, एवढंच. पण जो माणूस रोज लोकांच्या तोंडातले साचे हाताळतो, त्याला बापाच्या पाठीची शिसारी यावी, हे कुणाला सांगणार. वृद्धाश्रमात सोडायच्या दिवशी अण्णा पलंगावर बसले, गादी दाबून पाहिली आणि म्हणाले, "कधीपर्यंत?" सिस्टर दारात उभ्या होत्या. त्याला थंडी सरेपर्यंत म्हणता आलं असतं, काठीने चालायला लागलात की म्हणता आलं असतं. त्याच्या तोंडून निघालं, "उशी फुलली की." अण्णा हसले. "बरंय. तिच्यावर सोडलंस तर," ते म्हणाले. तो जिना उतरला तेव्हा त्याला आपण काय केलंय ते नीट कळलेलं होतं. जे झाड कधी फुललेलं नाही त्याच्या हाती त्याने बापाचं घरी येणं दिलं होतं.

त्याची शिक्षा त्याने स्वतःच ठरवून घेतली आणि तीसुद्धा चुकीची ठरवली. बायको उठायच्या आधी तो बाल्कनीत जाई आणि कुंड्यांना पाणी घाली. रोज. अण्णांच्या रीतीने घालायचं तर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा पुरलं असतं, आणि मधले दिवस नुसतं बघत बसायचं. नुसतं बघणं त्याला झेपत नव्हतं. संध्याकाळी अण्णांचा फोन येई, "कशी आहे रे?" तो म्हणे, "मजेत," आणि फोन ठेवला की पेला घेऊन पुन्हा बाल्कनीत जाई. आधी थाळ्यातून, मग कंटाळा आला म्हणून कडेकडेने, मग सरळ वरून. पाणी घातलं की छातीवरचं काहीतरी जरा हलकं होई. उशी हिरवीच होती. सकाळी तिच्यावर पाण्याचे थेंब चमकत आणि ती पूर्वीपेक्षा ताजी दिसे. एकदा तिच्यावर पडलेलं पान काढायला त्याने दोन बोटं लावली आणि ती अख्खी उचलली गेली. जराही ओढावं लागलं नाही. वर हिरवं टोपण, खाली काळा लगदा, आणि वास. तो वास त्याच्या ओळखीचा होता, तोंड न धुता झोपणाऱ्यांच्या कवळ्यांना येतो तसा. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. झाडासाठी की कशासाठी, हे त्याने तेव्हा विचारलं नाही.

सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. रविवारी गेल्यावर सांगायचं. पण रविवारी तो खोलीत शिरताच अण्णा म्हणाले, "इथे खिडकीत एक कुंडी ठेवायला परवानगी मिळालीय. उशीच आण. डोळ्यांसमोर फुलू दे." आणि तो म्हणाला, "आणतो की." सुट्टीच्या दुपारी त्याने लॅब उघडली. दातांचं माप घ्यायला जो रबरासारखा लगदा वापरतात तो कालवून त्या मेलेल्या टोपणावर हलकेच दाबला, आणि तो घट्ट होईपर्यंत, रुग्णाला सांगावं तसं, "हलायचं नाही," असं चक्क तोंडाने म्हणाला. साचा इतका नेमका उतरला की प्रत्येक पानाचं टोक आलं. तीन प्रकारचा हिरवा मिसळला, मध्यभागी जरा करडा, कडेला एक वाळकं पान मुद्दाम. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याने केलेलं नव्हतं, आणि करताना त्याला आनंद झाला होता. पुढे तोच आनंद त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिला. अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, हा हिशोबही त्याने मनात केला होता. कुंडी खिडकीत ठेवली तेव्हा अण्णांनी तिच्यावर बोट फिरवलं. मग नखाने टिचकी मारली, अगदी हळू, आणि मान जराशी कलती करून ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "बरं झालं आणलीस. जपून आणलीस." तो सुटला. पुढे रविवारी जावं तर कुंडी थाळ्यात ठेवलेली, थाळ्यात पाणी. "खालून पितेय," अण्णा म्हणत. "वाढ दिसत नाही, पण हिची चालच तशी." तो मान डोलवी. इकडे घरी अण्णांच्या खोलीत त्याने हळूहळू आपलं जास्तीचं काम आणलं होतं. पलंग दुमडून भिंतीला लावला, टेबल आलं, फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आले. बायको म्हणाली, "आणि ते परत आले की?" तो म्हणाला, "तेव्हा बघू." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

थांबा आला. वृद्धाश्रमाच्या फाटकापासून दारापर्यंतची वाट त्याने सावकाश चालून पुरवली, पण ती अखेर संपलीच. व्हरांड्यात दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक म्हणाली, "फूल बघायला आलात? बघा, बघा. नशीबवान आहात." सिस्टरनी औषधांच्या गाडीमागून हात केला. जिना, कॉरिडॉर, फिनेलचा आणि उकडलेल्या भाजीचा वास, आणि शेवटी ते दार.

अण्णा खुर्चीत बसले होते. कोट, मफलर, बूट. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. "आलास," ते म्हणाले. "बघ." खिडकीत कुंडी होती, थाळ्यात, थाळ्यात पाणी. तो वाकला. हिरव्या गोळ्याच्या माथ्यावर, दोन पानांच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याहून थोडं मोठं एक गुलाबी फूल होतं. पाच पाकळ्या. इतक्या छोट्या जागेत कुणीतरी पाचही पाकळ्या वेगवेगळ्या घासल्या होत्या आणि प्रत्येकीला मधोमध पन्हळ दिली होती. गुलाबी रंगात एक लाल धागा दिसत होता, केसाहून बारीक. जगातल्या कुठल्याही फुलात तो नसतो. हिरड्यांतल्या रक्तवाहिन्यांसारखं दिसावं म्हणून तो हे धागे पावडरीत घालत असे, आणि अण्णांच्या कवळीत जरा जास्तच घातले होते, बापाची म्हणून. स्वतःचं अक्षर ओळखावं तसा त्याने तो धागा ओळखला. मग त्याने वर पाहिलं. अण्णांचा डावा गाल खालच्या बाजूला किंचित आत बसला होता. कुंडीतल्या सगळ्यात खरबरीत दगडावर एका जागी गुलाबी भुकटी होती, पुसायची राहिलेली.

"एवढी वर्षं बाईसाहेबांनी ताकास तूर लागू दिली नाही," अण्णा म्हणाले, "आणि फुलायला ही खोली निवडली."

त्याला बोलायला हवं होतं. अण्णा, हे फूल चिकटवलेलं आहे. एवढंच वाक्य होतं आणि खरं होतं. पण ते उच्चारलं की दुसरा प्रश्न आलाच, चिकटवलंय कशावर? त्याला एकाएकी ते सगळे रविवार दिसले, थाळ्यातलं ते पाणी, ती कलती मान, ती टिचकी. पहिल्या दिवसापासून यांना ठाऊक होतं. हे प्लास्टिकला खालून पाणी पाजत बसले होते आणि आपण मान डोलवत होतो. आपल्याला उघडं पाडायचं नाही म्हणून एक म्हातारा इतके दिवस वेड पांघरून बसला होता, आणि आज त्याने तेच वेड बॅगेत भरून मांडीवर घेतलं होतं.  जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं, आणि तरीही, त्याच क्षणी, त्याच्या डोक्यात अण्णांची खोली आली, ती फळी, ते साचे, ते टेबल, आणि तीन मजले, आणि ती पाठ. आणि तो बोलला.

"पण एकच आहे, अण्णा."

"हं?"

"एक फूल म्हणजे... मी म्हणालो होतो, फुलली की. म्हणजे नीट, सगळी फुलली की. अजून थंडी आहे. तीन मजले चढायचे आहेत. घाई कशाला?" आपलाच आवाज त्याला ऐकू येत होता, समजूतदार, सोयीचा. तोंडात काहीतरी कोंबून तो आवाज बंद करावा असं त्याला वाटत होतं आणि तो थांबत नव्हता. "अजून थोडे दिवस बघू ना. आणखी फुलं येतील, मग..."

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांनी जन्मभर हद्दी आखल्या होत्या आणि आखलेली रेघ हळूच सरकवणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार. "एकच आहे, हे खरं," ते म्हणाले. मग त्यांनी बॅग बाजूला ठेवली, खिशातून घडीचा रुमाल काढून गुडघ्यावर पसरला, तोंडात दोन बोटं घातली आणि खालची कवळी काढून त्या रुमालावर ठेवली. डाव्या बाजूची गुलाबी कड मागच्या दाढेपर्यंत कुरतडलेली होती, नेलकटरने तोडून मग घासलेली. जिथे ती हिरडीवर बसते तिथे धार राहिली होती, आणि धारेला किंचित रक्त. त्यांनी ती त्याच्यासमोर सरकवली.

"यात अजून पुष्कळ आहे," अण्णा म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द पसरट, ओले होत होते, पण असल्या तोंडांचं बोलणं समजण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. "किती फुलं हवीत ते सांग. तेवढी आणतो."

तो पलंगाच्या कडेवर बसला. कॉरिडॉरमधून औषधांची गाडी गेली, एक चाक कुरकुरत. त्याने रुमालाची टोकं एकावर एक घेतली, कवळी झाकली, आणि झाकलेल्या रुमालावर हात तसाच ठेवला. खाली अण्णांचा गुडघा होता, हाडाचा, गरम. या वेळी त्याने हात काढला नाही.

"नको, अण्णा," तो म्हणाला. "पुरे. एक पुष्कळ झालं."

"नक्की? नाहीतर म्हणशील..."

"नाही म्हणणार." त्याने फोन काढला आणि बायकोला लावला. "अण्णांना घेऊन येतोय," एवढंच त्याला म्हणता आलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी निघते ऑफिसातून. पलंग आधी उघडते. तुमचे ते जबडे कुठे ठेवू?" त्याने कुठेही म्हणून सांगितलं.

अण्णांनी कवळी धुऊन पुन्हा तोंडात बसवली. बसवताना त्यांचा चेहरा कळवळला. "लॅबमध्ये नेऊन आजच नीट करून देतो," तो म्हणाला. "सावकाश कर," अण्णा म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?" आणि हसले. त्याला हसता आलं नाही. त्याने एका हातात बॅग घेतली, अण्णांनी काठी घेतली, आणि दोघे दारापर्यंत आले. तिथे अण्णा थांबले. "कुंडी राहिली," ते म्हणाले.

तो मागे गेला. कुंडी थाळ्यातून उचलली, निथळायला क्षणभर तशीच धरली, सवयीने, आणि तळातून पाणी टपटपत राहिलं तसा तो ते थांबायची वाट बघत उभा राहिला. अण्णा दारातून त्याच्याकडे बघत होते, ऑपरेशन झालेल्या, स्वच्छ डोळ्याने.

"एवढं जपायला नको आता," ते म्हणाले. "हिला वरून घातलंस ना पाणी, तरी चालेल. हिला काही होत नाही."